दुसऱ्या कंपनीचा इन्व्हर्टर आणि घरचा कारभारी

गच्चीवर सोलर बसून वर्ष झालं की बऱ्याच घरांत पुढची इच्छा जागी होते. ऊन असताना गीझर आणि पाण्याचा पंप आपोआप लागावेत, बॅटरी कधी भरायची ते कुणीतरी ठरवावं, सगळा हिशेब एका पडद्यावर दिसावा. हे काम करणाऱ्या यंत्रणेचं नाव ऊर्जा व्यवस्थापन यंत्रणा. मी तिला इथे कारभारी म्हणणार आहे. कारभारी आणायचं ठरतं आणि सोलरवाला सांगतो, “तुमचा इन्व्हर्टर दुसऱ्या कंपनीचा आहे, जुळणार नाही.” एवढ्या एका वाक्यावर चांगला चालता इन्व्हर्टर बदलायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बहुतेक वेळा ते वाक्य चुकीचं असतं. गेल्या काही वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक सोलर इन्व्हर्टरला मॉडबस ही भाषा येते. मॉडिकॉन या कंपनीने ती १९७९ साली कारखान्यांतल्या यंत्रांसाठी आणली. यंत्राच्या पोटात क्रमांक घातलेले खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. कारभारी विचारतो, अमुक खणात काय आहे? इन्व्हर्टर आकडा सांगतो. बोलणं इतकंच. कोणत्या खणात काय ठेवलंय ही यादी मात्र कंपनीगणिक वेगळी असते. हा घोळ मिटवण्यासाठी सनस्पेक नावाची सामाईक यादी तयार झाली. फ्रोनियस, एसएमए, सोलरएज यांचे अनेक इन्व्हर्टर ती पाळतात. ओळखायची खूण सोपी आहे: सहसा ४०००० या पत्त्यापासूनचे दोन खण वाचायचे. २१३६५ आणि २८२४३ असे आकडे आले तर ती ‘सनएस’ या चार इंग्रजी अक्षरांची सही असते. ग्रोवॅट, सनग्रो, डेये यांच्या याद्या स्वतःच्या आहेत, पण त्या मिळतात. होम असिस्टंटसारख्या मोफत कारभाऱ्यात अशा कितीतरी इन्व्हर्टरांची जोडणी लोकांनी आधीच लिहून ठेवली आहे.

मग जोडणी फसते कुठे? वायरीत आणि आकड्यांच्या अर्थात. इन्व्हर्टर आणि कारभारी यांना जोडणाऱ्या आरएस-४८५ च्या दोन तारांवर ए आणि बी लिहिलेलं असतं, पण काही कंपन्या ही अक्षरं उलटी छापतात. उत्तर येत नसेल तर आधी तारांची अदलाबदल करून पाहावी. त्या तारांवर प्रश्न विचारणारा एकच असावा लागतो. कंपनीची वायफाय काडी त्याच तारांवर आधीच प्रश्न विचारत असेल आणि तुमचा कारभारीही विचारू लागला, तर दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळून उत्तरं अर्धवट येतात. लोक याला ‘इन्व्हर्टर सपोर्ट करत नाही’ म्हणतात.

पत्त्यांतही एकाचा फरक पडतो. काही याद्या मोजणी शून्यापासून करतात, काही एकपासून, त्यामुळे शेजारच्या खणातला आकडा हाती येतो. व्होल्टेज २३८७ दिसलं तर घाबरायचं कारण नाही, सोबतचा गुणक सांगतो की ते २३८.७ आहे. आणि घर दीड किलोवॅट वीज बाहेर देत असताना पडद्यावर ६४०३६ वॅट दिसले, तर कारभाऱ्याने ऋण आकडा धन म्हणून वाचला आहे: ६५५३६ मधून १५०० वजा करा, तेवढेच उरतात. यातल्या एकाही दुरुस्तीला नवा इन्व्हर्टर लागत नाही.

“माझ्या मोबाइलवर ॲप आहे, म्हणजे जोडणी झालेलीच आहे,” असंही अनेकांना वाटतं. ॲपमधला आकडा घरातून कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत येतो, पुष्कळदा पाच-पाच मिनिटांनी. महिन्याचा हिशेब बघायला तेवढं पुरतं. पण ढग आल्याबरोबर गीझर बंद करायचा असेल तर पाच मिनिटं फार होतात, आणि इंटरनेट गेलं की कारभारी आंधळा. शक्य असेल तिथे घरातल्या घरात, तारेने जोडावं असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे: इन्व्हर्टर जोडला म्हणजे घराचा वापर कळतो, हा. इन्व्हर्टरला फक्त स्वतःची निर्मिती ठाऊक असते. स्वयंपाकघरात ओव्हन लागला की शेजारच्या खोलीत एसी, याची त्याला खबर नसते. घराच्या तोंडाशी, मेन स्विचजवळ, आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज मोजणारा वेगळा मीटर लागतो. निर्मितीत आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, की घराचा वापर हाती येतो. या मीटरचा सीटी, म्हणजे वायरीभोवती बसणारं मोजमापाचं कडं, बाणाच्या दिशेने बसवावं लागतं. आमच्याकडे तो उलटा बसला होता. रात्री अकरा वाजता, पॅनेल काळोखात असताना, पडद्यावर निर्यात ६०० वॅट! तेव्हापासून कुणी विचारलं की मी हीच परीक्षा सांगतो: रात्री बघा, बॅटरी नसलेलं घर रात्री वीज विकू शकत नाही. थ्री-फेज घरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, प्रत्येक सीटी आपापल्याच फेजच्या व्होल्टेजसोबत जोडलेला हवा. नाहीतर आकडे खरे वाटतात आणि असतात खोटे.

वाचता येतं म्हणजे हुकूमही देता येतो, असं धरून चालू नये. काही खण फक्त वाचण्यापुरते असतात, काहींना इन्स्टॉलरचा पासवर्ड लागतो. जे लिहिता येतात त्यांतले काही कायमच्या स्मृतीत साठतात, आणि त्या स्मृतीला आयुष्य असतं. साधारण १ लाख वेळा लिहिता येणारी चिप धरा. कारभारी दर १० सेकंदांनी मर्यादा बदलत असेल तर दिवसाला ८६४० वेळा लिहिणं होतं, म्हणजे १२ दिवसांच्या आत आयुष्य संपलं. म्हणून वारंवार बदलायच्या आज्ञांसाठी कंपनीने वेगळा खण दिला आहे का, ते कागदपत्रांत आधी पाहावं. खरं तर साध्या घरात इन्व्हर्टरला हुकूम द्यायची गरजच क्वचित पडते. तो वीज बनवत राहतो. हलवायचं असतं ते गीझरला, पंपाला, गाडीच्या चार्जरला.

पण ही वेळ हलवल्याने बिल निम्मं होतं का? इथे जागेचा फरक मोठा आहे. जर्मनीत नव्या छोट्या घरगुती सोलरला, विजेच्या जाळ्यात दिलेल्या युनिटामागे ८ सेंटांच्या आसपास मिळतात आणि विकत घेतलेल्या युनिटाला ३० सेंटांहून जास्त मोजावे लागतात. तिथे दुपारी गीझर लावणं म्हणजे थेट पैसे वाचवणं. महाराष्ट्रात नेट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटातून वजा होऊन मिळतं, त्यामुळे नुसती वेळ बदलून फारसं हाती लागत नाही. वेळेनुसार दर बदलतात, निर्यातीवर मर्यादा आहे किंवा बॅटरी बसवली आहे, अशा घरांत कारभाऱ्याला खरं काम मिळतं. विकणाऱ्याने परदेशातला बचतीचा आकडा दाखवला तर आपलं बिल समोर ठेवून तो पुन्हा मांडायला सांगावं.

आता लाइट जाण्याबद्दल. आपल्याकडे ‘इन्व्हर्टर’ म्हटलं की लोडशेडिंगमध्ये पंखा चालवणारी बॅटरीची पेटी डोळ्यांसमोर येते, आणि नावाच्या या सारखेपणाने अनेकांची निराशा केली आहे. जाळ्याला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की दोन सेकंदांच्या आत बंद पडायलाच हवा, आयएस १६१६९ हे मानक तेच तपासतं. कारण खांबावर चढलेल्या वायरमनपर्यंत तुमच्या गच्चीवरून वीज जाता कामा नये. कोणताही कारभारी हे बदलू शकत नाही आणि बदलूही नये.

लाइट गेल्यावरही दिवसा सोलर चालू ठेवायचं असेल तर घराला जाळ्यापासून तोडून स्वतःची वीज उभी करणारा बॅटरी इन्व्हर्टर लागतो. त्याच्यासोबत दुसऱ्या कंपनीचा सोलर इन्व्हर्टर नांदू शकतो, आणि त्यासाठी डेटाची तारही लागत नाही. बॅटरी भरली की बॅटरी इन्व्हर्टर ५० हर्ट्झची वारंवारता थोडी वाढवतो, ते पाहून सोलर इन्व्हर्टर आपली निर्मिती कमी करतो. मात्र सोलर इन्व्हर्टरमध्ये तशी सेटिंग हवी, आणि व्हिक्ट्रॉन या कंपनीचा नियम आहे की सोलर इन्व्हर्टरची क्षमता बॅटरी इन्व्हर्टरच्या व्हीए क्षमतेहून जास्त नसावी. ३ केव्हीएच्या बॅटरी इन्व्हर्टरमागे ५ किलोवॅटचं सोलर लावलं तर ढग सरून अचानक कडक ऊन पडल्यावर जादा वीज बॅटरीकडे ढकलली जाते आणि ती त्या इन्व्हर्टरला झेपत नाही.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. मूळ मॉडबसला पासवर्ड नसतो. घराच्या नेटवर्कात शिरलेला कुणीही ते खण वाचू शकतो, लिहूही शकतो. बाहेरून बघता यावं म्हणून राउटरवर ५०२ हा पोर्ट उघडून देणारे तंत्रज्ञ आहेत, त्यांना तसं करू देऊ नका. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी सोलरवाल्याकडून तीन गोष्टी मागून घ्या: रजिस्टरांची यादी, इन्स्टॉलरचा पासवर्ड आणि इन्व्हर्टरचा कोणता पोर्ट मोकळा आहे याचं लेखी उत्तर.