डॉक्टर बदला, पण कागद सोडू नका

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहातून घरी आला तो आजारी होऊनच. झोप नाही, जेवण नाही, कुणाशी बोलणे नाही. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा नुसत्या भिंतीवर नाहीत, त्यामुळे भगताचे नाव कुणी काढले नाही. सरळ शहरातल्या नामांकित मानसोपचार तज्ज्ञाकडे नेले. आपल्या समाजात आजही हे धाडसाचे काम आहे.

तीन महिन्यांनी पोरगा म्हणाला, "काका, मला त्या डॉक्टरांकडे जायचे नाही." घरात सगळे चिडले. एवढा मोठा डॉक्टर, महिनाभर आधी नंबर लावावा लागतो आणि हा नाही म्हणतो! हा नाही, याचा आजार बोलतोय, असे मीच सर्वांसमोर सांगितले. आज त्याची लाज वाटते.

खरे कारण बऱ्याच दिवसांनी कळले. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी आडनाव विचारले, मग गाव, मग "राखीव जागेवर प्रवेश का?" आणि वसतिगृहातली मुले त्याच्या गुणांवरून रोज काय टोमणे मारतात हे त्याने सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, "आता असे कुठे राहिले आहे? मनाला लावून घेऊ नकोस." त्या दिवसापासून पोराने तिथे तोंड उघडले नाही. विचारले की 'बरे आहे' म्हणायचे आणि चिठ्ठी घेऊन बाहेर यायचे. त्या 'बरे आहे'वर डॉक्टर गोळ्यांचे प्रमाण ठरवत होते!

विनयपिटकाच्या महावग्गात भगवंतांनी कोणत्या रोग्याची सेवा करणे अवघड असते ते सांगितले आहे. हित चिंतणाऱ्या शुश्रूषकाला जो आपला आजार आहे तसा सांगत नाही, तो त्यातलाच एक. पण आजार आहे तसा सांगायला समोरच्याने ऐकून तरी घेतले पाहिजे. अपमान हाच आजाराचा अर्धा भाग असेल आणि डॉक्टर म्हणत असेल की अपमान झालाच नाही, तर रोग्याने सांगायचे काय?

आम्ही डॉक्टर बदलायचे ठरवले, पण मध्येच एक मोठी चूक झाली. पोराने कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी चक्कर, घाम, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे. आम्हाला वाटले आजार उलटला. मनाच्या आजारावरच्या अनेक गोळ्या एकदम सोडल्या की असा त्रास होतो, त्या हळूहळू कमी करायच्या असतात, हे तेव्हा कुठे कळले. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या तर दीर्घकाळ घेऊन एकदम तोडल्या की फिट येऊ शकते. डॉक्टर नकोसा झाला म्हणून गोळी टाकून देऊ नये. नवा डॉक्टर भेटेपर्यंत जुनी गोळी चालू ठेवावी.

नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, कोणते औषध, किती, कधीपासून? आमच्याकडे चुरगळलेली एक चिठ्ठी आणि रिकामी पट्टी. बाकीचे म्हणजे 'ती गुलाबी गोळी'. जुन्या दवाखान्यात गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी सांगितले, फाईल देता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम २५ रोग्याला आपल्या उपचाराच्या नोंदी मिळण्याचा हक्क देते. रोग्याला गंभीर मानसिक हानी होईल किंवा दुसऱ्याला इजा होईल एवढाच मजकूर रोखता येतो. शिवाय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असे आहे. पुतण्याच्या सहीचा अर्ज दिला, पोच घेतली. तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात पडली.

आता अप्रिय वाटले तरी खरे सांगतो. त्या फाईलमधली नोंद व्यवस्थित होती. औषधही बरोबर होते. नव्या बाईंनी तेच पुन्हा सुरू केले, फक्त प्रमाण बदलले. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचे वैद्यकीय ज्ञान कमी नव्हते, त्यांना आपला समाज माहीत नव्हता. कायद्याचे कलम १८ म्हणते की उपचारात जातीवरून भेदभाव चालणार नाही. हक्क डावलला तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे विनाशुल्क अर्ज करता येतो. आम्ही तो केला नाही. पोराला पुन्हा तेच सगळे सांगत बसायचे नव्हते.

उठसूट डॉक्टर बदला असेही मी म्हणत नाही. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पंधरा दिवसांत पाच दवाखाने फिरणारा रोगी पाचही ठिकाणी पहिल्या पानावरच राहतो. आणि ज्याला खाजगी फी परवडत नाही त्याने काय बदलायचे? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात शिकाऊ डॉक्टर आपोआपच बदलत असतात. तिथे केसपेपर हीच रोग्याची इस्टेट, तो आधारकार्डासारखा जपावा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर २०२२ मध्ये सुरू झालेला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येते.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला, डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला. दोघांसाठी आपण मोर्चे काढले. त्या मोर्चांत घोषणा देणारा मी, घरातले पोर 'तिथे जायचे नाही' म्हणाले तेव्हा त्याच्यावरच ओरडलो होतो.

हे सगळे त्याच्या परवानगीने लिहिले आहे. नव्या बाईंकडच्या तिसऱ्या भेटीला मी सवयीने त्याच्यासोबत आत शिरलो, तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर बसा." मी पाऊण तास बाकावर बसून होतो.