रोपे कोलमडण्याआधी मित्रबुरशी वाफ्यात



मिरची, वांगी, टोमॅटोचं महागाचं बी टाकावं, रोपं छान उगवावीत आणि आठ-दहा दिवसांत जमिनीलगत सडून आडवी व्हावीत, हे पावसाळ्यात नेहमीचेच. पिथियमसारख्या जमिनीतील बुरशीमुळे ही मर होते. कोलमडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही. त्याबरोबर बी जाते आणि लावणीचा हंगामही हुकतो. म्हणून उपाय बी टाकण्याआधीच करावा.

सगळीच बुरशी वैरी नसते. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी रोगट बुरशीला विळखा घालते, तिची जागा व अन्न बळकावते. मात्र ती नुसती मातीत टाकून भागत नाही. तिलाही खायला लागते, आणि ते खाद्य म्हणजे चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट.

खत असे तयार करा : पेरणीच्या पंधरा दिवस आधी 100 किलो कुजलेल्या खतात 1 किलो ट्रायकोडर्मा भुकटी मिसळा. ढीग सावलीत करा, ओल्या गोणपाटाने झाका. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. दर तीन-चार दिवसांनी ढीग खालीवर करा. कच्चे शेण वापरू नका. ते तापते आणि हुमणीही आणते.

वाफा : 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद व 15 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. त्यात हे खत 10 किलो मिसळा. बियाण्यास दर किलोस 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. ओळींत 10 सेंटिमीटर अंतर ठेवून बी विरळ पेरा. पाणी साचू देऊ नका. साचलेल्या पाण्यापुढे मित्रबुरशीचेही काही चालत नाही.

मायकोरायझा ही दुसरी मित्रबुरशी. ती मुळांत शिरून राहते आणि आपल्या तंतूंनी लांबचे स्फुरद रोपाला आणून देते. ती बियांच्या खाली, मुळांना लागेल अशी द्यावी. कोबी, फुलकोबीला मात्र तिचा उपयोग होत नाही. वाफ्यात स्फुरदाचे खत जास्त झाले, तरी ती नीट वाढत नाही.

लक्षात ठेवा : मित्रबुरशी जिवंत आहे. पुडा उन्हात ठेवू नका, मुदतीची तारीख पाहूनच घ्या आणि रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नका. शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

रोप धट्टेकट्टे, तर पुढचे पीक निम्मे हाती आले म्हणून समजा.