'अपघातप्रवण स्थळ' : एका शासकीय संज्ञेचा अर्थविचार

अकोल्याहून मालेगाव, वाशीम यांवरून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील एखादे वळण सुधारण्यास शासकीय निधी केव्हा मिळावा, हे पुष्कळ अंशी 'अपघातप्रवण स्थळ' या संज्ञेच्या व्याख्येवर अवलंबून असते. संस्कृतातील 'प्रवण' म्हणजे मुळात उतरता, एका बाजूस कललेला; त्यावरून 'कल असलेला' हा अर्थ आला, व तो संभाव्यतेचा वाचक आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाची व्याख्या मात्र घडून गेलेल्याची गणना करते : सुमारे ५०० मीटर लांबीत मागील ३ वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापत झालेले ५ अपघात, अथवा १० मृत्यू. ('ब्लॅक स्पॉट' हा इंग्रजी शब्द त्या मानाने प्रामाणिक म्हणावा लागेल, डाग पडल्यावाचून दिसत नाही.) परिणामी, समोरचे वाहन न दिसणाऱ्या ज्या वळणावर ४ अपघात व ९ मृत्यू नोंदले गेले, ते व्याख्येबाहेर राहते, आणि नोंदच न झालेला अपघात तर तिच्या दृष्टीने घडतच नाही.

शब्दार्थास अधिक जवळची आहे ती सुरक्षा-परीक्षणाची पद्धती. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१० साली तिची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. या पद्धतीत रस्त्याचा आराखडा, दृष्टिपथ, चौफुल्या यांची तपासणी अपघातापूर्वीच होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने निधी मागताना हे निष्कर्ष मृत्युसंख्येच्या बरोबरीने मांडले, तर पाचव्या अपघाताची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.