वयात येणाऱ्या मुलांची भावनिक वाढ : त्यांची त्यांनाच कशी दिसेल?

बाळ पाच वर्षांचे होईपर्यंत अंगणवाडीत त्याचे वजन होते, कार्डावर ठिपका पडतो आणि ठिपके जोडून वाढीची रेषा तयार होते. पुढे दहा-बारा वर्षांनंतर उंची वाढते, आवाज फुटतो, पाळी सुरू होते. ही वाढही डोळ्यांना दिसते. पण याच वयात आतून आणखी एक वाढ चालू असते. राग आवरता येणे, मैत्रिणीचे काय बिनसले आहे ते ओळखता येणे, चारचौघांत ‘मला नको’ म्हणता येणे, हरल्यावर पुन्हा खेळायला उतरणे. हिचा तक्ता कोणाच्याच घरी नसतो. घरच्यांना दिसते ती फक्त चिडचिड, आणि मग दवाखान्यात तक्रार येते, ‘डॉक्टर, हा आधी असा नव्हता हो.’

तो आधी असा नव्हता हे खरेच आहे. प्रश्न असा की जे बदलते आहे ते वाढीचे लक्षण आहे की आजाराचे, आणि हे त्या मुलाला स्वतःला कसे कळावे. हा लेख साधारण 10 ते 14 वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांसाठी आहे.

मेंदूत काय चालू असते

मेंदूचा भावना उसळवणारा भाग या वयात जोमात असतो. थांब, विचार कर, परिणाम बघ असे सांगणारा कपाळामागचा भाग मात्र पूर्ण तयार व्हायला विशी ओलांडून पुढे काही वर्षे जातात. गाडीचे इंजिन नवे कोरे आणि ब्रेक अजून बसवायचे काम चालू, अशी ही अवस्था. त्यामुळे मुलाला आपले चुकले हे कळत नाही असे नाही. ते त्याला अर्ध्या तासाने कळते.

मित्रांचा प्रभाव हाही या वयातला खरा घटक आहे. अमेरिकेतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ, आणि खेळणारे तीन वयोगटांतले. 13 ते 16 वर्षांची मुले एकटी असताना खेळली त्यापेक्षा मित्र बघत असताना कितीतरी जास्त धोका पत्करून खेळली. चोविशीच्या पुढच्या माणसांत असा फरक जवळजवळ दिसला नाही. ‘घरात शहाण्यासारखा वागतो आणि मित्रांत गेला की याला काय होतं?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. हा ढोंगीपणा नव्हे.

झोपेबद्दल एकच सांगतो. वयात येताना झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, पण शाळेची वेळ तीच राहते. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. सहा तास झोपलेल्या मुलाच्या स्वभावाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

आधी शब्द हवेत

मुलाला ‘काय झालं?’ विचारा. उत्तर येते, ‘काही नाही’, ‘बोअर होतंय’, फार तर ‘टेन्शन आलंय’. या तीन शब्दांत सगळे कोंबलेले असते. ग्रुपमधून काढून टाकले तरी ‘बोअर’, परीक्षा जवळ आली तरी ‘टेन्शन’, वर्गात सरांनी सगळ्यांसमोर सुनावले तरी ‘काही नाही’.

आपल्या भाषेत यासाठी शब्दांची कमतरता नाही. हिरमुसणे, खट्टू होणे, ओशाळणे, खजील होणे, कानकोंडे होणे, हेवा वाटणे, धास्ती, हुरहुर, भांबावणे, वैताग, उबग, चुटपुट लागणे, हायसे वाटणे. आजीच्या बोलण्यात हे शब्द सहज यायचे, आता घरातून ते कमी झाले आहेत. ओशाळणे आणि राग यांत फरक आहे, आणि तो कळला की पुढची कृती बदलते. वर्गात उत्तर चुकले आणि सगळे हसले, म्हणून घरी येऊन धाकट्या भावावर ओरडणाऱ्या मुलीला राग आलेला नसतो, ती ओशाळलेली असते. हे तिला स्वतःला उमगले की भावाची सुटका होते!

भावनेला नाव देण्याचा उपयोग प्रयोगातही दिसला आहे. 2007 मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रे दाखवत मेंदूचे स्कॅन केले. त्या भावनेला शब्दात नाव दिले तेव्हा मेंदूतील भीतीशी संबंधित भागाची हालचाल कमी झालेली दिसली. नाव दिल्याने दुःख पळून जात नाही, पण त्याची धार थोडी बोथट होते.

शब्द शिकवायचे कसे? तास घेऊन नव्हे. स्वतः वापरून. ‘आज साहेब सगळ्यांसमोर बोलले, मला फार ओशाळल्यासारखं झालं. अर्धा तास कोणाशी बोललोच नाही,’ असे बाबांनी जेवताना सहज सांगितले तर ते पुरते. पालकांनाही असे होते आणि ते निवळते, ही माहिती मुलासाठी मोलाची असते.

वही कशी ठेवायची

साधी शंभर पानी वही. रोज लिहायचे नाही, रोजचे काम झाले की मुले आठ दिवसांत सोडून देतात. आठवड्यातून एक-दोन प्रसंग पुरेत. प्रत्येक प्रसंगाच्या पाच ओळी : काय झाले, मला काय वाटले, शरीरात कुठे जाणवले, मी काय केले, किती वेळाने निवळले.

आठवीतल्या मुलाची नोंद अशी असू शकेल : ‘ताईने चार्जर न विचारता नेला. राग. कान गरम झाले. दार आपटलं. रात्रीपर्यंत.’ तीन महिन्यांनी तसाच प्रसंग : ‘ताईने हेडफोन नेला. वैताग. दात आवळले. गच्चीवर गेलो, मग जाऊन मागितला. वीस मिनिटं.’ ताई सुधारलेली नाही हे उघड आहे. पण रात्रीपर्यंत टिकणारी गोष्ट वीस मिनिटांवर आली, आणि दार आपटण्याच्या जागी मागणे आले. ही वाढ आहे, आणि ती त्याला कोणी सांगावी लागत नाही. पाने मागे उलटली की दिसते. म्हणून माझ्या मते पाचवी ओळ, म्हणजे किती वेळ लागला ती, सगळ्यात महत्त्वाची. राग येणे थांबणार नाही, थांबूही नये. सावरायला लागणारा वेळ मात्र कमी होत जातो.

शरीराची ओळ अनेकांना अनावश्यक वाटते. पण या वयात भावना आधी शरीरात कळते : छातीत धडधड, पोटात गोळा, घसा दाटणे, तळहाताला घाम. ती खूण ओळखू आली की मुलाला थांबायला दोन क्षण मिळतात.

महिन्याच्या शेवटी काही ठरलेले प्रश्न. या महिन्यात मी कोणाकडे मदत मागितली? कोणाला ‘नाही’ म्हणालो? भांडणानंतर आधी कोण बोलले? कोणाची बाजू मला उशिरा कळली? मुलींनी पाळीची तारीखही याच वहीत लिहावी. पाळीआधीच्या दिवसांत मन हळवे किंवा चिडके होत असेल तर तीन-चार महिन्यांत ते दिसून येते. सुरुवातीच्या वर्षांत चक्र 21 ते 45 दिवसांचे असू शकते, त्यामुळे तारखा पुढेमागे झाल्या म्हणून घाबरू नये.

लिहिण्याचा कंटाळा असलेल्या मुलाला वहीची सक्ती नको. दिनदर्शिकेवर रंगीत ठिपका काढला तरी चालतो, मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजात अर्धा मिनिट बोलून ठेवले तरी चालते.

रेषा सरळ वर जाणार नाही. सहामाही परीक्षा आली, शाळा बदलली, घरात कोणी आजारी पडले की मूल दोन पावले मागे येते. आठवड्या-आठवड्याची तुलना करू नका, तीन-तीन महिन्यांची करा. आणि मित्रांची संख्या मोजू नका. एकच जिवलग मैत्रीण असलेली, कमी बोलणारी मुलगी मागे पडलेली नसते. स्वमग्नता किंवा अतिचंचलता असलेल्या मुलांचा वेग वेगळा असतो. त्यांची तुलना फक्त त्यांच्याच जुन्या पानांशी.

वही कोणाची?

मुलाची. इथे बहुतेक घरांत गाडे अडते. दप्तर आवरताना वही सापडते, ‘सहज’ चाळली जाते, आणि पुढच्या भांडणात त्यातले वाक्य बाहेर येते. त्या दिवसापासून मूल वहीत आपल्याला आवडेल तेच लिहू लागते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनाचे रकाने आले आहेत ही चांगली गोष्ट आहे. पण ते रकाने घरोघरी आईच भरते हे आपल्याला ठाऊक आहे. वहीचे तसे होऊ देऊ नका.

वही वाचायची नाही, तिला मार्क द्यायचे नाहीत, बक्षीस नाही, मावसभावाशी तुलना नाही. एक अपवाद मात्र पहिल्याच दिवशी मुलाला स्पष्ट सांगून ठेवा : ‘तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी विचारणार, आणि लागलं तर वाचणारही.’ आधी सांगितलेला नियम मुले मान्य करतात. नंतर लादलेला करत नाहीत. एरवी महिन्यातून एकदा ‘वहीतलं काही सांगावंसं वाटतं का?’ एवढेच विचारा. ‘नाही’ आले तर विषय बदला. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा स्कूटरवर मागे बसलेले असताना किंवा शेंगा सोलताना मुले जास्त बोलतात.

आधी शरीर तपासा

प्रत्येक चिडचिड मनाची नसते. थकवा, लक्ष न लागणे, लगेच रडू येणे यामागे रक्ताची कमतरता निघते, मुलींमध्ये तर वारंवार. 12 ते 14 वर्षांच्या मुलामुलींचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी बरीच मुले दप्तराच्या कप्प्यात टाकतात, एकदा कप्पा बघा. थायरॉइडची तपासणी लक्षणे असतील तर करावी. डोकेदुखी असेल तर चष्म्याचा नंबर तपासावा.

सकाळी शाळेच्या वेळी दुखणारे आणि रविवारी न दुखणारे पोट हे नाटक नसते. दुखणे खरे असते, त्याचे कारण पोटात नसते इतकेच. अशा वेळी वही कामाला येते. दुखण्याचे वार लिहिले की कधी एखादा तास सापडतो, कधी बसमधला त्रास देणारा मोठा मुलगा. मात्र वजन घटत असेल, दुखण्याने रात्री जाग येत असेल, शौचातून रक्त जात असेल तर मनाकडे बोट न दाखवता लगेच डॉक्टरांना दाखवा.

वहीवर भागणार नाही तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 10 ते 19 वयोगटातील दर 7 पैकी 1 जणाला मानसिक आजार असतो. वही हा त्यावरचा उपचार नाही. उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे बहुतेक सगळे दिवस टिकली, आवडता खेळ सुटला, जेवण-झोप बिघडली, मित्र तुटले, मार्क अचानक घसरले, अंगावर कापल्याच्या किंवा चटक्यांच्या खुणा दिसल्या, तर वाट बघू नका. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा वाक्याला तर दोन आठवड्यांचा नियम लागूच नाही. त्याच दिवशी दाखवा. मुलाला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले याचा आधार वाटतो. मुलाला एकटे ठेवू नका. घरात फवारणीची औषधे, उंदराचे औषध, आजोबांच्या गोळ्या असतील तर त्या कुलपात गेल्या पाहिजेत, उद्या नाही, आजच.

टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. पालकही फोन करू शकतात, मूल शेजारी असायलाच हवे असे नाही. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय असेल तर 1098. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालतात, तिथे समुपदेशन मोफत मिळते आणि बोललेले गुप्त ठेवले जाते.

डॉक्टरांकडे जाताना मुलाची तयारी असेल तर वही बरोबर घ्या. ‘कधीपासून?’ या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर आम्हाला एरवी मिळत नाही. कोणती पाने दाखवायची ते मात्र त्यालाच ठरवू द्या, आणि डॉक्टर त्याच्याशी एकट्याने बोलू इच्छित असतील तर थोडा वेळ बाहेर बसा.