ट्रॅक्टर विकला, पण नाव कोणाचं?

मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची यात्रा भरते, तेव्हा खिलार जनावरांचा मोठा बाजार असतो. सौदा ठरला, पैसे मोजले, कासरा घेणाऱ्याच्या हाती दिला, की विकणारा मोकळा. हीच रीत गावोगाव जुन्या ट्रॅक्टरलाही लावली जाते. इसार घ्यायचा, स्टँपपेपरवर नोटरी करायची, किल्ली द्यायची आणि आरसीवरचं नाव ‘नंतर बघू’ म्हणून ठेवायचं. या ‘नंतर’नं विकणाऱ्याचं घर धोक्यात येतं.

मोटार वाहन कायद्यानं ज्याच्या नावावर वाहनाची नोंद, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या एका निकालात हे फार स्पष्ट झालं. 2007मध्ये विकलेली गाडी पुढं हातोहात फिरत गेली, 2009मध्ये तिनं अपघात केला. आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचं होतं. भरपाईची जबाबदारी न्यायालयानं त्याच्यावरच ठेवली. गाडी कितव्या हातात आहे हे शोधत फिरण्याची वेळ अपघातग्रस्ताच्या घरावर येऊ नये, हा त्यामागचा विचार मला अगदी रास्त वाटतो. ऊस वाहतुकीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडून रात्री धावणारा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. तो तुमच्या नावावर असेल, विमा संपलेला असेल आणि रस्त्यावर कुणी जखमी झालं, तर नोटरीचा कागद तुम्हाला वाचवणार नाही.

म्हणून सौद्याच्या दिवशीच आरसीवरचं नाव बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30 भरून सह्या कराव्यात. कोऱ्या फॉर्मवर सही करून एजंटाच्या हाती देणं म्हणजे पुढं ट्रॅक्टर कुणाला जातोय यावरचा ताबा सोडणं. राज्यातल्या राज्यात विकताना विक्री झाल्याचं 14 दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम, 30 दिवसांत नोंद मागणं घेणाऱ्याचं. विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्यानं 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असेल तर आधी बँकेचा बोजा उतरवावा लागतो. हप्ते फिटले म्हणजे आरसीवरची नोंद आपोआप जात नाही. बँकेचं पत्र आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म 35 आरटीओत पोचला, की ती निघते. ट्रॉलीची नोंद वेगळी असते. तिचे कागद बहुतेक जण विसरतात.

जतला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पूर्वेला विजयपूर, दक्षिणेला अथणी. सोयरीक, बाजार, बोली सगळं सीमेपलीकडं जातं, पण एमएच-10ची पाटी तशी जात नाही. गिऱ्हाईक कर्नाटकातलं असेल तर सांगलीच्या आरटीओकडून फॉर्म 28चा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो आणि घेणाऱ्याला तिकडं नवा नंबर. पाहुण्यातला माणूस आहे म्हणून हे सोडून देऊ नये. अपघात झाला की नात्याचीही परीक्षा होते.

घेणाऱ्यानं तासांच्या मीटरवर भिस्त ठेवू नये, मीटर बदलता येतो. त्यापेक्षा हा ट्रॅक्टर कशाला वापरला ते विचारावं. फक्त नांगरट-पेरणी केलेला आणि कारखान्याला ऊस ओढलेला, दोन्ही एकाच सालचे असले तरी क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्सची झीज सारखी नसते. इंजिन थंड असताना चालू करायला सांगावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. औजार उचलून इंजिन बंद करावं, ते भराभर खाली आलं तर हायड्रोलिकचा खर्च अंगावर येईल. चॅसी आणि इंजिनचे नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडून पाहावेत. यातलं जे दुखणं मालकाला माहीत आहे ते त्यानंच आधी सांगावं आणि किंमत तशी धरावी.

शेवटचा हप्ता नाव बदलल्यावर द्यायचा, असं दोघांनी ठरवावं. तारीख, वेळ, मीटरवरचे तास आणि उरलेली रक्कम लिहून, आधारची प्रत जोडून ताबापावती करावी. नवी आरसी हाती येईपर्यंत ती विकणाऱ्यानं जपून ठेवावी.