काकांच्या गणकयंत्राची खिडकी

मागच्या उन्हाळ्यात जासईला गेलो असताना माझ्या थोरल्या काकांनी कपाटातून एक पुडके काढून माझ्या हाती दिले. एकात एक अशा प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या, प्रत्येकीला रबर गुंडाळलेले आणि आत तळहाताएवढे एक जपानी बनावटीचे गणकयंत्र. "चालू होते का बघ," एवढेच ते म्हणाले.

जासई हे उरण तालुक्यातील गाव. आज गावाजवळून बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्या अखंड धावत असतात. काकांच्या तरुणपणी या मुलखात भातखाचरे आणि मिठागरे होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी या पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील याच गावचे. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यांचे स्मारक जासईत आहे. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, तेव्हा गावातली माणसे आपापले सातबारे घेऊन काकांच्या ओटीवर येत आणि काका या यंत्रावर हिशेब मांडून देत. एक एकर म्हणजे ४० गुंठे, त्याचे साडेबारा टक्के ५ गुंठे, हे तोंडीही जमते. पण साडेसतरा गुंठ्यांचे किती, आणि तेही चौरस मीटरमध्ये? २२१.३१. (सोयीसुविधांसाठीची वजावट निराळी.) असे शेकडो आकडे त्या छोट्या खिडकीत उमटून गेले होते.

मी बटणाच्या आकाराचे नवे सेल आणून घातले. सेलच्या खाचेतील पत्र्यांवर हिरवट थर चढला होता, तो खरवडून काढला. बटणे दाबली. काहीच नाही. खिडकी तपकिरी, डागाळलेली आणि वर ओरखड्यांचे जाळे. "काका, हे मेले आहे," असे सांगून मी मोकळा झालो. ते काही बोलले नाहीत. फक्त पिशव्यांची रबरे पुन्हा बोटांवर गुंडाळू लागले. ते पाहून मला बरे वाटले नाही, म्हणून यंत्र घेऊन मी महाविद्यालयात आलो.

वीस वर्षे प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने एवढ्या घाईने निदान करावयास नको होते. ते कसे चुकले, हे तुम्हांला सांगतो.

स्वतःचा उजेड नसलेले अंक

खिशातील गणकयंत्रांच्या पहिल्या पिढीत अंक खरोखरच पेटत. १९७२ साली बाजारात आलेल्या एचपी-३५ या यंत्रात तांबडे प्रकाश-उत्सर्जक डायोड होते. अंधारातही ते दिसत, पण बॅटरी काही तासांतच उतरे. द्रवस्फटिकाच्या पडद्याची गोष्ट निराळी आहे. त्याचे अंक प्रकाश देत नाहीत, ते खोलीतला प्रकाश अडवतात. म्हणून तर त्याला इतकी थोडी वीज पुरते.

द्रवस्फटिक हे नाव ऐकूनच बुचकळ्यात पडायला होते. जे द्रव आहे ते स्फटिक कसे? १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञालाही हाच प्रश्न पडला होता. कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो गढूळ द्रव पुन्हा एकदा 'वितळून' स्वच्छ झाला! मधल्या अवस्थेत पदार्थ वाहतो, पण त्याचे लांबट रेणू मात्र एका दिशेने तोंड करून राहतात. आपल्या देशातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये काडीसारख्या नव्हे, तर चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले.

आता गणकयंत्राची खिडकी उघडून पाहू. सर्वांत वर प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी. तिच्याखाली काचेच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा थर. हा थर सुमारे १० मायक्रोमीटर किंवा त्याहूनही पातळ, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. आगपेटीतल्या काड्या थरावर थर रचत जा आणि प्रत्येक थर किंचित फिरवा, म्हणजे सर्वांत वरची काडी तळच्या काडीशी काटकोन करील. रेणूंची रचना नेमकी अशी असते. ही युक्ती शाट आणि हेल्फ्रिश यांनी १९७० च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये सिद्ध केली.

या काचांच्या पुढे आणि मागे एकेक ध्रुवक चिकटवलेला असतो. ध्रुवक म्हणजे प्रकाशलहरींची एकाच दिशेतील कंपने पुढे सोडणारी फिल्म. पुढच्या ध्रुवकातून आलेला प्रकाश रेणूंच्या पिळाबरोबर ९० अंशांतून वळतो, मागच्या ध्रुवकातून सुखरूप पार होतो, तळाच्या चकचकीत पापुद्र्यावरून परततो आणि त्याच वाटेने आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून पार्श्वभूमी उजळ दिसते. अंकाच्या एखाद्या रेघेला विद्युत् दाब दिला की तिथले रेणू उभे राहतात आणि पीळ मोडतो. प्रकाश न वळता मागच्या ध्रुवकावर आदळतो व तिथेच शोषला जातो. ती रेघ काळी दिसते. अशा सात रेघांतून ० ते ९ सगळे अंक लिहिता येतात.

यातली गोम लक्षात आली ना? ध्रुवकच बिघडला, तर आतली सगळी गणिते बरोबर होऊनही आपल्याला काहीच दिसणार नाही.

आंबट वास

प्रयोगशाळेत मी मागचे चार स्क्रू काढले आणि चटकन नाकात वास शिरला. शिरक्याचा! चायनीजच्या गाडीवर बाटलीत असते ते व्हिनेगर, तसाच. त्या वासाने सगळा उलगडा झाला.

ध्रुवकाची फिल्म म्हणजे पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा ताणून आयोडीन पाजलेला पापुद्रा. एडविन लँड यांनी ही कृती १९३८ मध्ये शोधली. हा पापुद्रा नाजूक असल्याने त्याला दोन्ही बाजूंनी सेल्युलोज ट्रायअॅसिटेटचे अस्तर लावतात. उष्ण आणि दमट हवेत पाण्याच्या रेणूंमुळे या अस्तराचे विघटन होऊन अॅसेटिक आम्ल सुटते. अस्तर आकसते, त्याला फोड येतात, रंग बदलतो. जुन्या चित्रपटांच्या फितींनाही हाच रोग होतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी फिती थंड व कोरड्या कोठारांत ठेवतात त्या यासाठीच. यातली वाईट गोष्ट अशी की सुटलेले आम्लच पुढचे विघटन अधिक वेगाने घडवते. खाडीची हवा लागू नये म्हणून काकांनी यंत्र तीन पिशव्यांत बांधून ठेवले होते. पावसाळ्यातला ओलावा आधीच आत गेलेला आणि आम्लाच्या वाफेला बाहेर पडायला वाट नाही. जपणुकीनेच घात केला.

मी पात्याच्या टोकाने पुढची फिल्म हळूच उचलली. तिचे तुकडे पडले, खाली डिंकासारखा चिकट थर राहिला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने तो पुसून काढायला पाऊण तास लागला. काच स्वच्छ झाली, रुपेरी दिसू लागली आणि अर्थातच कोरी. मग ध्रुवणाच्या प्रात्यक्षिकासाठी कपाटात ठेवलेली पोलरॉइडची चकती काढली, खिडकीवर धरली आणि सावकाश फिरवली.

उजव्या कोपऱ्यात एक काळे शून्य उभे होते.

यंत्र चालूच होते. कदाचित कितीतरी वर्षे ते बरोबर उत्तरे देत असेल आणि कोणाला दिसत नसतील. मी चकती आणखी ९० अंशांनी फिरवली. पार्श्वभूमी काळी झाली आणि शून्य पांढरे. माझ्या वर्गातल्या मुलांनी हा खेळ पुढे दहा वेळा करून पाहिला. तुमच्या घरी द्रवस्फटिकाचे गणकयंत्र आणि ध्रुवक भिंगांचा गॉगल असेल, तर गॉगल यंत्रासमोर फिरवून पाहा. एका स्थितीत खिडकी काळी होईल.

मागचा ध्रुवक सुदैवाने शाबूत होता. पुढच्यासाठी नवी फिल्म मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाली. ती कापण्याआधी यंत्र चालू ठेवून, काचेवर फिल्म फिरवून, अंक सर्वांत काळे दिसतील ती दिशा खुणेने नोंदवावी लागते. माझ्या यंत्रात ती कडेशी ४५ अंशांचा कोन करीत होती. हे न पाहता सरळ चौकोन कापला तर फिल्म वाया गेलीच म्हणून समजा. माझी एक गेली. आणखी एक सूचना: रेघ तपासण्यासाठी सेलच्या तारा थेट पडद्याला लावू नका. या पडद्याला उलटसुलट होणारा दाब लागतो. एकाच दिशेच्या दाबाने विद्युत् अपघटन होऊन द्रवस्फटिक खराब होते.

राहता राहिले ओरखडे. हे काम मी मुलांवर सोपवले, पण आधी त्यांना खोबरेल तेलाचा एक थेंब पट्टीवर पसरायला सांगितले. ओरखडे नाहीसे! अॅक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९, खोबरेल तेलाचा १.४५ च्या आसपास. ओरखड्यातल्या हवेची जागा तेलाने घेतली की प्रकाशाला तिथे वेगळे माध्यम जवळजवळ जाणवतच नाही, मग तो विखुरणार कसा? तेल मात्र टिकत नाही. ते साबणाने धुऊन मुलांनी पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेतला, आधी ८०० नंबरचा, मग १२००, मग २०००. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे चरे घासून काढतो. शेवटी दंतमंजनाची पेस्ट आणि मऊ कापड. नखांचा रंग काढण्याचे अॅसिटोन अॅक्रिलिकला लावाल तर पट्टी कायमची पांढुरकी होईल, एवढे सांभाळा. पाते आणि अल्कोहोल हाताळताना मात्र शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस जवळ हवे, आणि जवळपास ज्योत नको.

दिवाळीत जासईला गेलो. काकांनी चष्मा लावला, यंत्र ओटीवरच्या उजेडात धरले आणि १७.५ दाबले. गुणिले १२.५ आणि टक्क्याचे बटण. २.१८७५ उमटले. त्यांनी ते गुंठ्यांवरून चौरस मीटरवर आणले, आकड्याकडे बराच वेळ पाहिले आणि ज्याचा तो हिशेब होता त्याचे नाव घेतले. तो माणूस आज हयात नाही.

डाव्या कोपऱ्यात फिल्मखाली मोहरीएवढा हवेचा बुडबुडा राहून गेला आहे. काकांना तो दिसला नाही, किंवा दिसूनही ते बोलले नाहीत. यंत्र आता पिशवीत नसते. झाकण सैल असलेल्या एका लाकडी डब्यात, ओटीवरच्या फळीवर ते उघडे ठेवलेले असते.