जुनी फौजी रायफल आणि शिशाची हलकी गोळी

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. दोन्ही महायुद्धांतल्या रायफली, म्हणजे ब्रिटिशांची ली-एनफील्ड, अमेरिकनांची स्प्रिंगफील्ड, जर्मनांची माउझर, रशियनांची मोसिन-नागान, लाखांनी बनल्या आणि पुढे जुन्या झाल्या म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या. ली-एनफील्ड तुम्ही पाहिलेली आहे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं जी 'थ्री नॉट थ्री' होती, तीच. तिची काडतुसं आपल्या खडकीलाही बनत. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या रायफली आजही नेमबाजीच्या क्लबांत वापरतात. त्यांतून घरी ओतलेली शिशाची हलकी गोळी, मूळच्या निम्म्याहून कमी वेगाने, कागदी निशाणावर मारायची, असा एक छंद तिथे शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. तो नेमका कसा चालतो आणि कुठे फसतो, ते आज आपण पाहणार आहोत.

आता पहिला प्रश्न कुणालाही पडेल. शिशाची उघडी गोळी सोडून जगाने तांब्याचं कवच असलेली गोळी घेतली, ती काही उगाच नव्हे. धूरविरहित दारू आली, वेग दीडपट-दुप्पट झाला, आणि मऊ शिसं नळीतल्या पीळदार खाचा पकडेनासं झालं. ते खरवडून नळीलाच चिकटू लागलं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने १८८२ साली तांब्याच्या कवचाची गोळी केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्या फौजा तिकडे वळल्या. मग पुन्हा शिशाकडे का जायचं?

उत्तर साधं आहे: लढाईला जे लागतं ते सरावाला लागत नाही. ३०३ ची मार्क सात गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची. नळीतून सुमारे ७४४ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. गणित केलं तर तीन हजार जूलच्या वर ऊर्जा होते. तिच्या जागी १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची शिशाची गोळी ३२० मीटर वेगाने सोडली, तर ऊर्जा जेमतेम ३३० जूल. एकदशांश! खांद्याला धक्का नाही, नळीची झीज नगण्य, आणि वेग आवाजाच्या वेगाखाली असल्यामुळे तो कानठळ्या बसवणारा फटकाही नाही. शिवाय किलोभर शिशात दीडशे गोळ्या होतात. फौजांनाही हे कळलं होतंच. अमेरिकन लष्कराने शहरातल्या बंदिस्त दालनांत सराव करण्यासाठी १९१९ साली ३०-०६ चं एक वेगळं काडतूस काढलं होतं: १४० ग्रेनची, बिनकवचाची शिशाची गोळी.

पण वेग कमी केला की सगळं सोपं होतं, असं मात्र नाही. अनेकांची गाडी इथेच अडते.

गोळीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता, असं विचारलं तर आपण सगळे टोकाकडे बोट दाखवू. अमेरिकेत फ्रँकलिन मान नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं नुसत्या प्रयोगांत घालवली आणि १९०९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ते मुद्दाम गोळ्या बिघडवून मारत. टोक ठेचलं तर फारसा फरक पडेना. बूड एका बाजूने जरासं कापलं की गोळी भलतीकडेच जाई. कारण नळीच्या तोंडातून गोळी बाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू बुडाच्या कडेवरून सुटतो. कड सगळीकडे सारखी नसेल, तर तो एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. म्हणून ओतकामात नजर ठेवायची ती बुडावर.

ओतकाम कसं असतं? लोखंडाचा, पितळेचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा दोन भागांचा साचा. वर एक फिरती पट्टी, तिला भोक. भोकातून रस ओतायचा, गोठला की पट्टी फिरवायची. जास्तीचं शिसं कापलं जातं आणि साचा उघडून गोळी खाली पडते. बहुतेक साच्यांत बूड वरच्या बाजूला, पट्टीला लागून असतं. पट्टी घाईने फिरवली तर अर्धवट गोठलेलं शिसं ओरबाडलं जातं आणि बूड खड्ड्याचं होतं. चार-पाच सेकंद थांबण्याचं काम आहे, पण तेवढा धीर नसतो.

नुसतं शिसं ३२७ अंशांवर वितळतं, पण ते साच्याचे कोपरे नीट भरत नाही. थोडं कथील घातलं की रस सळसळीत होतो. कल्हईवाल्याचं कथील भांड्यावर कसं पसरतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कठीणपणा येतो तो अँटिमनीने. गंमत म्हणजे हे मिश्रण मराठी माणसाच्या हाताखालून पूर्वीच गेलं आहे. छापखान्यातले खिळे याच तीन धातूंचे. लायनोटाइपच्या धातूत ४ टक्के कथील, १२ टक्के अँटिमनी, बाकी शिसं. ऑफसेट छपाई आली तेव्हा अमेरिकेतल्या या छांदिष्टांनी छापखान्यांतला भंगार धातू गोळा करून ठेवला. काहींच्या कोठारात तो अजून आहे.

इथे एक गैरसमज सांगायला हवा. नवशिक्याला वाटतं, जितकं कठीण शिसं तितकं बरं. संथ गोळीच्या बाबतीत हे उलटं पडतं. दाब कमी असतो, आणि फार कठीण गोळी त्या दाबाने फुगून नळीला घट्ट बसत नाही. तिच्या बाजूने गरम वायू निसटतो, शिसं वितळवून पुढे फेकतो आणि नळीत शिशाचा थर बसतो. लोक म्हणतात, गोळी मऊ होती म्हणून शिसं चिकटलं. बहुतेक वेळा ती बारीक होती म्हणून चिकटलेलं असतं. आमच्या मते या छंदातलं निम्मं शहाणपण मापात आहे.

आणि जुन्या रायफलीचं माप नावावरून कळत नाही. ३०३ हे नाव झालं. खाचेच्या तळापासून तळापर्यंत मोजलं तर ०.३१२ इंचापासून ०.३१६ पर्यंत काहीही निघतं, युद्धकाळातल्या घाईच्या मालात तर विशेष. म्हणून नळीला तेल लावून मऊ शिशाचा गोळा आरपार ढकलायचा आणि त्यावर उठलेला ठसा मोजायचा. ली-एनफील्डला बहुधा पाच खाचा असतात, समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे साधा मायक्रोमीटर तिथे चकवतो. गोळी त्या मापापेक्षा इंचाच्या एक-दोन सहस्रांशाने जाड हवी. ३०३ साठी बरेच जण ३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा साचा वापरतात. हलकी आणि मापाला जवळची म्हणून.

गोळीच्या अंगावरच्या खाचांत वंगण भरतात, बहुतेकदा मधमाशांचं मेण आणि आणखी काही चिकट. १८५७ च्या एनफील्ड काडतुसांची चरबी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण ती चरबी तिथे होतीच कशाला? कारण हेच. पीळदार नळीत उघडं शिसं वंगणाशिवाय चालत नाही.

आता थोडं गणित, कंटाळू नका. या फौजी नळ्यांचा पीळ साधारण दर १० इंचाला एक फेरा असा आहे, कारण तो लांब, जड गोळीसाठी ठरवलेला. जॉर्ज ग्रीनहिल यांचं १८७९ चं सूत्र लावलं तर अर्धा इंच लांबीच्या आपल्या आखूड गोळीला २९ इंचाला एक फेरा पुरतो. म्हणजे ती गरजेच्या जवळजवळ तिप्पट गरगरते. त्याने बिघडतं काय? समजा गोळीच्या पोटात मोहरीएवढा हवेचा बुडबुडा राहिला, मध्यापासून दोन मिलिमीटर दूर. अर्धा ग्रेन वजन कमी झालं आणि गुरुत्वमध्य मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याने सरकला. एवढ्याने गोळी ५० मीटरवर सव्वा सेंटिमीटर बाजूला जाते. वेग कितीही असो. हा कोन पिळावर ठरतो, वेगावर नाही. पीळ संथ असता तर हीच चूक चार मिलिमीटरवर भागली असती. म्हणून जाणकार प्रत्येक गोळी तोलतात आणि हलकी भरली ती परत भांड्यात टाकतात. ओतलेल्या गोळीचं हे सुख आहे, वाया काही जात नाही.

धोक्याचं बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रायफलीची पुंगळी मोठी आणि दारू चिमूटभर. त्यामुळे चुकून दुप्पट, तिप्पट दारू पडली तरी ती आत सहज मावते, बाहेरून कळत नाही, आणि रायफल फुटू शकते. म्हणून सगळ्या पुंगळ्या ओळीने उभ्या करून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत विजेरीचा झोत टाकून बघतात. दुसरं टोकही वाईट. दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फाटते. आवाज फुसका आला की थांबायचं आणि नळी तपासायची. दारूचे आकडे आम्ही इथे मुद्दाम देत नाही. ते छापील कोष्टकातून, त्या दारूसाठी आणि त्याच गोळीसाठी घ्यायचे असतात. ऐकीव आकड्यांवर डोळे गेलेले आहेत.

शिशाच्या वितळत्या भांड्यात पाण्याचा एक थेंब पडला तर वाफेचा स्फोट होतो आणि तापलेलं शिसं छतापर्यंत उडतं. आणि विष? ओतण्याच्या तापमानाला शिशाची वाफ फारच थोडी होते. खरा धोका वरच्या मळीच्या भुकटीचा आणि न धुतलेल्या हातांचा. तीच भुकटी कपड्यांवरून घरात, घरातून मुलांच्या तोंडात जाते. रक्तात शिशाचं अमुक प्रमाण निर्धोक, असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. स्वयंपाकघराची शेगडी आणि भांडी या कामाला वापरायची नाहीत, यात सवलत नाही.

एक चिठ्ठी आली आहे: 'हे आपल्याकडे करता येतं का?' नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही हलका असो. पण गरज तीच असली की तोडगे निघतात, आणि आपल्याकडचा तोडगा इथल्या कितीतरी जणांनी हाताळलेला असेल. एनसीसीत २५ यार्डांवर जी .२२ ची रायफल झोपून चालवायचो, नंबर दोन मार्क चार, ती ली-एनफील्डच आहे. सांगाडा तोच, बोल्ट ओढायची रीत तीच, फक्त नळी बारीक. ब्रिटिशांनी गोळी हलकी करण्याऐवजी रायफलच बदलली.